मुंबई ते न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटर आणि त्यापुढचा हिशेब

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, असं मोबाइलला विचारलं की १२,५०० किलोमीटरच्या थोडं वर उत्तर येतं. विमान ताशी नऊशेने जातं हे आपण ऐकलेलं असतं. भागाकार केला की आले चौदा तास. मग तिकिटावर सोळा का दिसतात? परतीला तेच साडेचौदा कसे होतात? आणि सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या सासूबाईंना पुण्याच्या घराला कुलूप लावल्यापासून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात चहाचा कप हातात पडेपर्यंत सव्वीस-सत्तावीस तास का लागतात?

यातला एकही आकडा खोटा नाही, पण प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो. पहिला पृथ्वीवरचं सरळ अंतर सांगतो, दुसरा वेग, तिसरा विमान कंपनीचं वेळापत्रक आणि शेवटचा तुमचा खरा प्रवास. बहुतेक लोक पहिला आकडा पाहून तिकीट काढतात आणि शेवटचा अंगावर आला की चिडतात.

दोरा आणि पृथ्वीगोल

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटतं की तो अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या उत्तरेकडून पश्चिमेला जाईल. तसं होत नाही. ताणलेला दोरा मुंबईहून वर वायव्येला सुटतो. क्वेट्ट्याच्या आसपास अफगाणिस्तानात शिरतो, कझाकस्तानच्या पश्चिम टोकावरून जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावर येतो. तिथून हेलसिंकी, स्कँडिनेव्हिया, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि कॅनडातला लॅब्राडॉर असं करत न्यूयॉर्कला खाली उतरतो. वाटेत तो ६४-६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या जरासाच खाली.

आता दोरा मोजा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. भिंतीवरच्या नकाशात पट्टी लावून जी सरळ रेघ येते (सौदी अरेबिया, इजिप्त, मोरोक्को आणि मग अटलांटिक) त्याच वाटेने दोरा गोलावर फिरवलात तर तो साधारण साडेतेहतीस सेंटिमीटर लागेल. म्हणजे १४,२०० किलोमीटर. कागदावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात सतराशे किलोमीटरने लांबची असते. विमानातल्या पडद्यावर आपलं विमान उगाच वाकडं गेल्यासारखं दिसतं ते यामुळेच.

गणिताची आवड असलेल्यांसाठी : पृथ्वीच्या केंद्रापासून पाहिलं तर या दोन विमानतळांमध्ये सुमारे ११२.७ अंशांचा कोन होतो. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर १२,५३० किलोमीटर. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात, एका अंशाला ६० मैल. अमेरिकन संकेतस्थळं साध्या मैलांत देतात. त्यामुळे ६,७६०, ७,७९० आणि १२,५३० असे तीन आकडे दिसले तर गोंधळू नका, अंतर एकच आहे. दहा-वीस किलोमीटरचा फरक तर न्यूयॉर्क म्हणजे केनेडी विमानतळ धरला की नेवार्क, यानेही पडतो.

हा फरक किलोमीटरमध्ये किरकोळ असला तरी टॅक्सीच्या भाड्यात तसा राहत नाही. एडिसन किंवा जर्सी सिटीला जायचं असेल तर नेवार्क सोयीचं. लाँग आयलंड किंवा क्वीन्सला जायचं असेल तर केनेडी. आपल्याकडेही आता हे पाहावं लागतं. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला, त्यामुळे 'मुंबई' या शब्दावर न थांबता तिकिटावरचा कोड वाचा : बीओएम की एनएमआय. गोव्यात दाबोळी आणि मोपा यांची तीच गत, आणि तिथे चुकलात तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यात दोन तास सहज जातात.

सरळ वाटेवर कुलपं

दोऱ्याची वाट पुन्हा डोळ्यांपुढे आणा : पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आजच्या जगात नेमक्या याच वाटेवर कुलपं आहेत. बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ मध्ये हवाई हद्द बंद केली, ती जुलैच्या मध्यावर उघडली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे मार्ग तोच असला तरी कोणत्या देशाची कंपनी, यावर वाट ठरते. अमेरिकेच्या युनायटेडने नेवार्क-मुंबई विमान मार्च २०२२ मध्ये थांबवलं ते याच कारणाने.

पाकिस्तानची हद्द बंद झाली की सगळ्यांत जास्त हाल दिल्लीकरांचे. त्यांचं विमान आधी गुजरातकडे खाली येतं आणि मग अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळतं. मुंबईचं विमान मुळात समुद्राकाठीच असतं. ते थेट ओमानकडे निघतं. म्हणून अशा काळात मुंबईकराने दिल्लीमार्गे तिकीट काढण्याआधी दोनदा विचार करावा. २०२५ मध्ये एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागत होतं. प्रवासी खाली उतरत नाहीत, पण वेळ तर जातोच.

आखाती मार्गालाही हे लागू आहे. २३ जून २०२५ ला कतारने आपली हवाई हद्द काही तास बंद ठेवली आणि दोहाकडे निघालेली विमानं भलतीकडे वळली. तेव्हा तिकीट काढताना त्या आठवड्यात कोणती हद्द बंद आहे, ही बातमी हवामानाच्या अंदाजाइतकीच नेमाने पाहावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर आपल्या विमानाचा क्रमांक टाकायचा आणि गेल्या आठवड्यात ते खरोखर किती वाजता सुटलं, किती वाजता पोहोचलं, ते वाचायचं. एजंट काय सांगतो आणि जाहिरात काय सांगते, त्यापेक्षा ही सात ओळींची यादी जास्त खरी असते. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक प्रवाशाला मी हे सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

वारा कोणाच्या बाजूला

खाडीतली होडी भरतीबरोबर निघाली तर लवकर पोहोचते आणि भरतीच्या विरुद्ध निघाली तर वल्ही मारून दमछाक होते. नावाडी तोच, जोर तोच. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, विमानाचं तेच करतात. विमानाचा नऊशेचा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. ती हवाच समोरून ताशी पन्नासने येत असेल तर जमिनीवरून आपण साडेआठशेने सरकतो आणि साडेबारा हजार किलोमीटरला पावणेपंधरा तास लागतात. तोच वारा पाठीशी असला की साडेनऊशे, म्हणजे सव्वातेरा तास. पन्नासच्या वाऱ्याने जाण्यायेण्यात दीड तासाचा फरक पडला, आणि हिवाळ्यात अटलांटिकवर वारा दोनशेच्या पुढेही जातो.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या परिसरात एका प्रवासी विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी १,२९० किलोमीटरपर्यंत गेला. ध्वनीचा वेग मात्र त्याने ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

वाऱ्याचं राजकारण सगळ्यांत छान दिसतं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्गावर. मुंबईहून ते सरळ अंतराने साडेतेरा हजार किलोमीटर आहे आणि जगाच्या इतक्या पलीकडच्या बाजूला आहे की पूर्वेकडून जा नाहीतर पश्चिमेकडून, फार फरक पडत नाही. ताणलेला दोरा तर हिमालय आणि सायबेरिया ओलांडून ७६ अंशांच्याही वर चढतो. तिबेटच्या पठारावरून विमानं सहसा जात नाहीत, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर तातडीने तीन किलोमीटरपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथली जमीनच त्याहून उंच. एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढून १५,३०० झाली, पण वारा पाठीशी आला आणि विमान साडेचौदा तासांत पोहोचलं. आधीपेक्षा लवकर.

रशियावरून जाणाऱ्या जवळच्या वाटेचीही एक किंमत असते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान नावाच्या दूरच्या गावी उतरलं आणि दुसरं विमान येईपर्यंत प्रवाशांना तिथेच राहावं लागलं. असं क्वचितच होतं. पण हातातल्या पिशवीत चार दिवसांची औषधं ठेवा, असं जे सांगितलं जातं, ते उगाच नाही.

या सगळ्यावरून घरच्या घरी वेळ काढायचा ठोकताळा असा : सरळ अंतराला ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. मुंबई-नागपूर ६८० किलोमीटर, उत्तर दीड तासाच्या आसपास. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, उत्तर तीन तास. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, उत्तर सव्वानऊ तास. त्यात पश्चिमेला जाताना अर्धा-पाऊण तास वाढवा, येताना तेवढाच कमी करा. न्यूयॉर्कला साडेपंधरा तास येतात. थंडीच्या दिवसांत जाताना किंवा हद्द बंद असताना तासभर आणखी धरा. तिकिटाच्या आकड्याशी हे बरंच जुळेल. तो पाऊण तास कशासाठी? वेळापत्रकातला वेळ हवेतला नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हा तो सुरू होतो आणि पलीकडच्या गेटला लागल्यावर संपतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे रांग ठरलेली. कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागाही ठेवतात. 'आपण अर्धा तास लवकर पोहोचलो आहोत' ही घोषणा त्या सैल जागेतूनच येते.

तिकीट वाचायचं कसं

तिकिटावर सुटण्याची वेळ तिथल्या घड्याळाने आणि पोहोचण्याची वेळ पलीकडच्या घड्याळाने छापतात. समजा, जानेवारीत शनिवारी पहाटे दीडला मुंबईहून विमान सुटलं आणि शनिवारीच सकाळी सातला न्यूयॉर्कला पोहोचलं. कागदावर साडेपाच तास. पण हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. विमान सुटलं तेव्हा तिथे शुक्रवारचे दुपारचे तीन वाजले होते. तीन ते दुसऱ्या दिवशी सात, म्हणजे सोळा तास. परतताना शनिवारी सकाळी साडेअकराला निघालात आणि साडेचौदा तास लागले, तर मुंबईत रविवारचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतील.

उन्हाळ्यात हाच फरक साडेनऊ तासांचा होतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोपचे रविवार वेगळे : मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे. मधल्या आठवड्यांत लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे तिकीट असेल तर वेळा पुन्हा एकदा तपासा, कारण कंपनीने पाठवलेला बदलाचा मेल बहुधा न वाचलेल्या मेलमध्ये पडून असतो.

सगळ्यांत महागात पडणारी गफलत तारखेची. तिकिटावर '१५ तारीख, ००.४०' असं लिहिलेलं असतं आणि माणसं १५ च्या रात्री विमानतळावर उभी राहतात. विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. ००.४० म्हणजे १४ चं रात्रीचं जेवण झाल्यानंतरची वेळ. कॅलेंडरवर १४ च्या चौकोनात लाल शाईने 'संध्याकाळी निघणे' असं लिहून ठेवा. कालनिर्णय भिंतीवर असतंच.

घड्याळाची ही ओढाताण औषधांनाही लागू होते. पश्चिमेला जाताना तुमचा दिवस चौतीस तासांचा होतो, येताना चौदाचा. सकाळ-संध्याकाळच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि विशेषतः इन्सुलिन, हे कोणत्या घड्याळाने घ्यायचं, ते निघण्याआधी डॉक्टरांना तिकीट दाखवून लिहून घ्या. शेजारच्या सीटवरच्या माणसाला विचारू नका. संकष्टीला निघालात तर चंद्रोदय कुठला धरायचा, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका लांबच्या बसून प्रवासात वाढतो, म्हणून जागे असाल तेव्हा दीड-दोन तासांनी उठून फेरी मारा, पोटऱ्या हलवा आणि पाणी पीत राहा. आधी असा त्रास झालेला असेल तर दाब देणाऱ्या मोज्यांविषयीही डॉक्टरांनाच विचारा.

थांबा घ्यावा की नाही

थांबा घेतला की अंतर फार वाढतं, असा समज आहे. आकडे तसं सांगत नाहीत. दुबईमार्गे न्यूयॉर्क सुमारे १२,९५० किलोमीटर पडतं, लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे सुमारे १२,७५०. सरळ वाटेपेक्षा दोनशे ते चारशे किलोमीटर, म्हणजे हवेतली पंधरा-तीस मिनिटं जास्त. वेळ जातो तो जमिनीवर. मुंबई-दुबई तीन तास, तिथे तीन तास, पुढे चौदा, झाले वीस. तोच थांबा अकरा तासांचा असेल तर अठ्ठावीस. दहा-बारा हजार रुपये वाचतात म्हणून असं तिकीट काढणाऱ्यांनी विमानतळावरचं दोन वेळचं खाणं, लोखंडी खुर्चीतली रात्र आणि पोहोचल्यावर वाया जाणारा दिवस हिशेबात धरावा. माझ्या मते साठी ओलांडलेल्यांनी हा व्यवहार करू नये. उलट गुडघे दुखणाऱ्याला सोळा तास सलग बसण्यापेक्षा मधे अडीच-तीन तास उतरून चालणं बरं वाटू शकतं. दीड तासाच्या आतला थांबा मात्र टाळा. पहिलं विमान उशिरा आलं की दुसरं समोरून सुटताना दिसतं.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पहिलं विमान उशिरा पोहोचल्याने दुसरं चुकलं तरी पुढची सोय लावून देणं कंपनीवर येतं. दोन वेगळी तिकिटं जोडून 'आपण स्वस्तात जमवलं' म्हणणाऱ्याला सामान मधे उतरवून घ्यावं लागतं, पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि विमान चुकलं तर नवं तिकीट काढावं लागतं. मधल्या देशात नुसतं उतरायलाही भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो का, ते त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा; हे नियम बदलत असतात.

अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा पाय ठेवाल तिथेच इमिग्रेशन होतं आणि सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, मग तुम्हाला पुढे क्लीव्हलँडला जायचं असो की डॅलसला. म्हणून तिथल्या जोडविमानाला किमान तीन तास ठेवा. अबू धाबीमार्गे गेलात तर मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. इंग्रजीत प्रश्नोत्तरं करताना बावरणाऱ्या आईवडिलांना हे सोयीचं जातं, फक्त त्या तपासणीसाठी थांबा पुरेसा लांब हवा. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, काउंटरवर ऐनवेळी नको.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब. पुण्याहून मुंबई विमानतळ दीडशे किलोमीटर. घाट आणि चेंबूरची गर्दी धरून चार तास ठेवावेत, पावसाळ्यात पाच. नाशिकचंही साधारण तेच. विमानाच्या साडेतीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे पहाटे दीडच्या विमानासाठी पुण्याहून संध्याकाळी सहाला निघायला हवं. साडेसात तास इथे, सोळा विमानात, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला दीड-दोन तास, पुढे मोटारीने तासभर. झाले सव्वीस-सत्तावीस. कोल्हापूर किंवा सावंतवाडीहून निघणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा, यात कमीपणा नाही.

न्यायला येणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. विमान सातला पोहोचणार असेल तर सातला दारात गाडी लावून उभं राहू नका; पार्किंगचे डॉलर्स जातात आणि पोलीस हाकलतात. ॲपवर विमान उतरलेलं दिसलं की घरून निघा. आईकडे चालू सिमकार्ड नसेल तर बाहेर कोणत्या दाराशी, कोणत्या क्रमांकाच्या खांबाजवळ उभं राहायचं, ते तिच्या पर्समधल्या चिठ्ठीवर मराठीत आणि इंग्रजीत आधीच लिहून द्या, आणि त्याच चिठ्ठीवर घरचा पत्ता व तुमचा फोन नंबरही लिहा, कारण इमिग्रेशनचा अधिकारी तोच विचारतो.